लोखंडी रंध्यावरचा गंज घरी करंटने काढता येतो का? येतो, फक्त ॲसिड लांब ठेवा

तुम्ही विचारलंय की आजोबांचा लोखंडी रंधा माळ्यावर सापडला, पूर्ण गंजलाय, घरच्या घरी इलेक्ट्रोलिसिसने, म्हणजे सोड्याच्या पाण्यात करंट सोडून, साफ होईल का, मोबाइलचा चार्जर चालेल का, किती तास ठेवायचा, की मित्र म्हणतो तसा सरळ ॲसिडमध्ये बुडवायचा. ॲसिड हा शब्द वाचला आणि राहवलं नाही.

22 जुलै 2021 ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा बाबांचं सुतारकामाचं दुकान अख्खं बुडालं. आम्ही वरच्या मजल्यावर आणि हत्यारं खाली. पाणी उतरल्यावर आठवडाभर चिखलच उपसत होतो, धान्य गेलं, गाद्या गेल्या, त्यात पटाश्या आणि रंधे कोण बघतो. बघितलं तेव्हा वर चिखलाचा पापुद्रा आणि खाली लालभडक गंज. बाबा काही बोलले नाहीत, बेंच वाईसचा, म्हणजे टेबलावरच्या पकडीचा, दांडा फिरवून बघितला, हलेना, मग बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

दादा म्हणाला ॲसिड. संडास धुवायचं ॲसिड बादलीत ओतलं, निम्म्या पटाश्या त्यात टाकल्या आणि रात्री शटर ओढून घेतलं. सकाळी गंज गेला होता हे खरं, पण ॲसिड गंज संपला म्हणून थांबत नाही, खालचं चांगलं लोखंडही खातं. पटाश्यांच्या पाठी खरबरीत झाल्या, आणि पाठ सपाट नसेल तर पटाशीला कितीही धार लावा, उपयोग नाही. त्याहून वाईट म्हणजे जी हत्यारं बादलीत नव्हतीच, मी दोन दिवस घासून फळीवर मांडली होती, ती पण त्या बंद खोलीतल्या वाफेने परत लाल झाली. दादा आजही म्हणतो की ॲसिड पातळ करायला हवं होतं, चुकलं ते तेवढंच. नाही. पातळ केलं असतं तर तेच काम हळू झालं असतं.

उरलेली हत्यारं मी त्याला हात लावू दिली नाहीत. प्लास्टिकचं पिंप घेतलं, 20 लिटर पाण्यात पावकिलो धुण्याचा सोडा, चार बाजूंना साध्या सळईचे तुकडे उभे केले आणि ते एकमेकांना तारेने जोडून चार्जरच्या पॉझिटिव्हला. रंध्याचं पातं आणि लाकडी मूठ काढून नुसती बॉडी मधे लटकवली, ती निगेटिव्हला. हे उलटं जोडलंत तर रंधाच विरघळायला लागेल, म्हणून दोनदा बघा. चार्जर शेजारच्या रिक्षावाल्याचा, जुना 12 व्होल्टचा, काट्यावर तीन-चार अँपिअर दाखवत होता. रंध्याभोवती बारीक बुडबुडे, वर तपकिरी फेस. दादा येऊन बघायचा आणि म्हणायचा शाळेतले प्रयोग चाललेत.

रंध्याला एक रात्र लागली. बाहेर काढला तेव्हा काळाकुट्ट, पण तो काळा थर मऊ असतो, वायर ब्रशने घासला की निघतो. खाली बाबांनी बॉडीवर कोरलेलं नाव जसंच्या तसं. वाईसला तीन रात्री लागल्या, कारण करंट सळईच्या समोरच्या बाजूलाच नीट काम करतो, तो फिरवून फिरवून ठेवावा लागला, आणि स्क्रूच्या आट्यांत शेवटी डिझेल सोडून हातोडीने हलके ठोकावंच लागलं. पण दांडा फिरला. बाबांनी स्वतः फिरवला.

तर मोबाइलच्या चार्जरच्या नादी लागू नका, एखाद्या खिळ्याला ठीक आहे. नवीन ऑटोमॅटिक बॅटरी चार्जरही बऱ्याचदा बॅटरी दिसल्याशिवाय सुरूच होत नाहीत, जुना साधा मिळवा. तासांचं म्हणाल तर ते गंजावर आहे, अधूनमधून काढून बघायचं, जास्त वेळ राहिला म्हणून ॲसिडसारखं लोखंड झिजत नाही. गंजाने जे खड्डे आधीच पाडलेत ते मात्र भरून येत नाहीत.

आणि हो, सळईच्या जागी स्टीलचे चमचे वापरतात तसं अजिबात करू नका, स्टेनलेसमधलं क्रोमियम पाण्यात उतरतं आणि ते विषारी असतं, कॅन्सर होतो त्याने. जस्ताचा मुलामा असलेलं काही नको. सोड्याऐवजी मीठ नको, क्लोरीन सुटतो. ॲल्युमिनियमचा भाग यात टाकलात तर सोडाच तो खाईल. बुडबुडे हायड्रोजनचे असतात म्हणून बंद खोलीत नाही, पडवीत करा, आसपास विडी-काडी नको. स्प्रिंग किंवा कडक पाणी दिलेलं, म्हणजे तापवून विझवून कडक केलेलं, बारीक पोलाद यात घालू नका, हायड्रोजन आत शिरून ठिसूळ होतं, रंध्याचं पातं मी त्याच भीतीने धारेच्या दगडावर हातानेच साफ केलं. बाहेर काढल्यावर धुवून लगेच कोरडं करून तेल लावा, चहाला गेलात तर परत येईपर्यंत लाली आलेली असते. आणि पिंपात हात घालायच्या आधी चार्जर बंद.