नियमपुस्तिका: पहिल्या सत्रात एवढंच बघ

कॉलेजच्या अभ्यासक्रमाची अख्खी नियमपुस्तिका पाठ करायची गरज नाही. फक्त तुझ्या प्रवेशवर्षाचीच उघड. सीनियर सांगतात ते बरेचदा त्यांच्या बॅचचे नियम असतात.

१. पूर्वअटी, म्हणजे एखादा विषय घेण्याआधी कोणते विषय पूर्ण झालेले लागतात ते. सगळ्यात जास्त मुलं इथे अडकतात. शेवटच्या वर्षाच्या विषयांचा तक्ता काढ आणि उलटा मागे ये: अंतिम प्रकल्पाला कोणता विषय लागतो, त्याच्याआधी कोणता. इंजिनिअरिंगमध्ये ही साखळी बहुधा कॅल्क्युलसपाशी येऊन थांबते. ‘गणित पुढच्या सत्रात बघू’ म्हणालास आणि तो विषय वर्षातून एकदाच असला, की मागची सगळी गाडी वर्षभर सरकते.

२. क्रेडिट, म्हणजे प्रत्येक विषयाच्या कामाचं माप; पदवीसाठी ती ठरावीक संख्येने जमवावी लागतात. नुसती बेरीज जुळून भागत नाही. मुख्य आणि ऐच्छिक विषयांचे कोटे वेगळे असतात. वेळेचाही हिशोब कर. युरोपीय पद्धतीत एक क्रेडिट म्हणजे घरचा अभ्यास धरून २५ ते ३० तास, म्हणजे ६ क्रेडिटचा विषय किमान दीडशे तास खातो!

३. प्रयोगशाळा आणि डिझाइन स्टुडिओ. लेक्चर बुडलं तर नोट्स मिळतात, बुडालेलं प्रॅक्टिकल किंवा कामाची समीक्षा सहसा भरून निघत नाही. सुरक्षा प्रशिक्षण लगेच उरकून घे, नाहीतर यंत्राला हात लावू देणार नाहीत.

विषय सोडण्याची शेवटची तारीख आजच कॅलेंडरमध्ये टाक. कुणी सवलत दिली तर ईमेलवर लेखी माग, तोंडी ‘चालेल’ नंतर कुणाला आठवत नाही. मित्राचा कोड ‘फक्त बघायला’ घेणं हीसुद्धा नक्कल धरली जाऊ शकते.

क्रेडिट हस्तांतरण, दुहेरी पदवी वगैरे दुसऱ्या वर्षी विचार.