साठीनंतर मोडी लिपी शिकता येते का?

येते की, बिनधास्त सुरू करा. मी क्लास केला तेव्हा निम्मी बॅच रिटायर लोकांचीच होती आणि शंकाही तेच जास्त काढायचे. भाषा आपली मराठीच, फक्त वळणं नवीन, म्हणजे आधी ओळभर शिरोरेघ ओढायची, मग शक्यतो हात न उचलता अक्षरं, ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नाही (सुटलो!), शब्दांमध्ये जागाही सोडत नाहीत. रोज थोडं गिरवलं की बाराखडी लवकर बसते. पण लगेच पेशवेकालीन कागद वाचता येतील असं नाही हां, त्यात फारसी शब्द आणि संक्षेप भरपूर, म्हणून आधी घरातलं एखादं जुनं खरेदीखत घेऊन चार-चार ओळी लावत बसा. पुण्यात असाल तर भारत इतिहास संशोधक मंडळात वर्गांची चौकशी करा.