वाचक विचारतात : पार्किन्सन्स आणि घरातला दिवस

प्रश्न : सासऱ्यांना पार्किन्सन्स (कंपवात) आहे. सकाळी बरे चालतात, पण दुपारी हुमण-भात (मासळीची आमटी आणि भात) जेवले की दोन तास खुर्चीतून उठत नाहीत. घरातले म्हणतात, आळस करतात. — एक सून, फोंडा

उत्तर : आळस नव्हे. बहुधा गोळी पोचलेली नसते. त्यांच्या गोळीत लेव्होडोपा हे या आजारावरचे मुख्य औषध असेल, तर ते लहान आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत ज्या वाहकांवरून जाते, त्याच वाहकांवर मासळीतल्या प्रथिनांची अमिनो आम्लेही चढतात. गर्दीत औषध मागे राहते. म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा ते एक तास, पाण्याबरोबर द्या. जेवण एकला असेल तर सव्वाबाराला. मळमळ झाली तर सोबत एखादे साधे बिस्किट चालेल, दूध नको. एवढ्याने भागले नाही, तर दुपारी मासळी कमी आणि रात्री जास्त असे करून पाहा. मासळी बंद मात्र करू नका, या आजारात वजन आधीच उतरते. लोहाची गोळी चालू असेल तर दोन गोळ्यांत निदान दोन तासांचे अंतर ठेवा. बद्धकोष्ठता असेल तर तीही डॉक्टरांना सांगा; पोट मंद असले की गोळी उशिरा लागू होते.

पाच दिवस एक वही ठेवा : गोळी किती वाजता, जेवण किती वाजता, अंग कधी मोकळे झाले, कधी आखडले. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) किंवा तुमच्या नेहमीच्या न्यूरॉलॉजिस्टकडे जाताना ती न्या. पाच मिनिटांच्या भेटीत ‘बरे आहे’ म्हणण्यापेक्षा ती जास्त बोलते. मात्रा घरी बदलू नका. उपवास आहे म्हणून गोळी चुकवू नका. एकाएकी बंद केली तर ताप, कमालीचा ताठरपणा आणि जिवाला धोका होऊ शकतो. उलटीसाठी मेटोक्लोप्रामाइड कुणी लिहून दिले तर आजार आधी सांगा, ते डोपामिनचे, म्हणजे हालचालींसाठी लागणाऱ्या मेंदूतल्या रसायनाचे, काम अडवते.

प्रश्न : आमचे घर जुने. न्हाणीघराच्या उंबरठ्यापाशी बाबांचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. हात धरून ओढले तर तोल जातो. — म्हापसा

उत्तर : ओढायचे नाही. ओढले की धड पुढे जाते, पाय मागेच राहतात. ‘लवकर, लवकर’ म्हणणेही सोडा, घाईने पाय अधिकच अडतात. त्यांना आधी थांबू द्या, ताठ उभे राहू द्या. मग वजन डाव्या-उजव्या पायावर दोनतीनदा झुलवायचे आणि ‘एक, दोन’ म्हणत एक मोठे पाऊल टाकायचे. तुमचा पाय त्यांच्या पायापुढे आडवा ठेवून ‘हा ओलांडा’ म्हटले तरी पुष्कळदा पाय सुटतो. उंबरठ्याच्या दोन्ही बाजूंना जमिनीपेक्षा उठून दिसणाऱ्या रंगाच्या चिकटपट्ट्या आडव्या लावा, त्यांच्या एका पावलाएवढ्या अंतरावर. वळताना जागच्या जागी गिरकी नको, मोठा वळसा घ्यावा. पायपुसणे काढून टाका. शेवाळलेल्या चिऱ्यांच्या पायऱ्या पावसाळ्यापूर्वी घासून घ्या आणि कठडा बसवा.

प्रश्न : आई भजनाला जाईनाशी झाली. आवाज बारीक, चेहरा कोरा. लोकांना वाटते ती रागावली आहे. — डिचोली

उत्तर : चेहऱ्याचे स्नायू मंदावतात, राग नसतो. हे भजनातल्या बायांना एकदा स्पष्ट सांगून टाका. आपण हळू बोलतो हे आईला स्वतःला जाणवत नाही, म्हणून ‘काय म्हणालीस?’ ऐवजी ‘मोठ्याने’ एवढेच म्हणा. रोज गोळी लागू असताना एका श्वासात जमेल तितका लांब, मोठा ‘आ’ दहा वेळा काढायला लावा. स्पीच थेरपिस्ट मिळाला तर उत्तमच. भजनाला नेताना गोळीची वेळ जुळवा, म्हणजे टाळ धरायच्या वेळी हात मोकळे असतील. तरीही कशातच मन लागेना तर डॉक्टरांना सांगा. उदासी हे या आजाराचेच एक लक्षण असते आणि त्यावर उपचार आहेत.

पेज पिताना खोकला येतो का, तेही पाहा. वरचे पाणी पातळ, खाली अख्खी शिते, असे दोन्ही एकाच घोटात गिळणे फार कठीण जाते. येत असेल तर पेज मऊ घोटून एकसारखी करा, ताठ बसवून चमच्याने थोडी थोडी द्या आणि गिळण्याची तपासणी करून घ्या.