एक रुपयाचं तिकीट खरंच होतं का?

वाचकांचे प्रश्न : प्रवास आणि तिकिटं

गेल्या अंकात मी स्वस्त विमान भाड्याबद्दल दोन ओळी लिहिल्या आणि पत्रांचा ढीग आला. मी पुण्यात एका ट्रॅव्हल कचेरीच्या तिकीट काउंटरवर एकोणतीस वर्षं बसले. २००३ पासून एक लांबट वही ठेवली आहे. डोळे विस्फारावेत इतकं स्वस्त भाडं दिसलं की ते त्यात लिहायचं, तारखेसकट. खालची बरीचशी उत्तरं त्या वहीतली आहेत.

प्रश्न : माझा नातू कॉलेजात आहे. मी म्हटलं, आमच्या काळात विमानाचं तिकीट एक रुपयाला मिळायचं, तर तो म्हणतो, आजोबा थापा मारतात. मला पेपरातली जाहिरात स्वच्छ आठवते. कोण खरं? (सातारा)

आजोबा, तुम्ही खरे. नातवाला हे वाचून दाखवा.

कॅप्टन गोपीनाथ यांनी २००३ मध्ये एअर डेक्कन सुरू केली आणि पुढे काही काळ एक रुपयाच्या तिकिटांची गावभर चर्चा होती. तो एक रुपया म्हणजे मूळ भाडं. वर प्रवासी सेवा शुल्क वगैरे मिळून दोनशेवर रुपये चढायचे. आणि अशा जागा एका विमानात मोजक्याच. त्या भरल्या की पुढची पायरी काहीशे रुपयांची, मग हजाराची, आणि आयत्या वेळी येणाऱ्याला तेच विमान काही हजारांना. म्हणजे नातू अगदीच चुकीचा नाही, संपूर्ण विमान काही रुपयाला एक असं उडत नव्हतं. पण ज्याने आधी फोन फिरवला, त्याला तिकीट खरोखर मिळत होतं. मी स्वतः काढून दिली आहेत.

हे जमायचं कसं, तर जेवण नाही, पाण्याची बाटलीसुद्धा विकत, सगळ्यांना एकच वर्ग, विमान जमिनीवर कमीत कमी वेळ उभं. विक्री इंटरनेटवर, फोनवर, अगदी पेट्रोल पंपावरसुद्धा. तोवर आम्ही लाल कार्बनची तिकिटं हाताने लिहायचो, एक अक्षर चुकलं तर अख्खं तिकीट रद्द. (ती कागदी तिकिटं जगभर बंद झाली ती १ जून २००८ पासून.) साध्या पांढऱ्या कागदावर छापलेलं तिकीट हातात दिलं की गिऱ्हाईक विचारायचं, ‘मॅडम, हे दाखवल्यावर आत घेतील ना?’

२००५ च्या मे महिन्यात स्पाइसजेट आली ती ९९ रुपयांची हाक देत, पुढच्या वर्षी इंडिगो. स्पर्धा वाढली, इंधन महागलं, तोटे फुगले. २००७ मध्ये किंगफिशरने एअर डेक्कनमध्ये मोठा हिस्सा घेतला, २००८ मध्ये डेक्कन हे नाव पुसलं गेलं आणि २०१२ मध्ये किंगफिशरही जमिनीवर आली. एक रुपयाचं भाडं नंतरही दिसलं. १ एप्रिल २०१४ ला स्पाइसजेटने तशी योजना काढली. लोकांना तारखेमुळे खोटं वाटलं. ते खरं होतं, पण नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने ती विक्री थांबवायला लावली.

माझ्या वहीतलं सगळ्यात लाडकं पान मात्र एक रुपयाचं नाही, पाचशेचं आहे. डिसेंबर २००५, मुंबई-बंगळूर, एअर डेक्कन. मूळ भाडं ५००, कर-शुल्क धरून सातशेच्या वर थोडं. दोन तिकिटं, माझं आणि बाबांचं. बाबा एसटीत कंडक्टर होते, निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती. आयुष्यभर दुसऱ्यांची तिकिटं फाडली, स्वतः विमानात कधी पाऊल टाकलेलं नव्हतं. त्या कंपनीची खूण म्हणजे आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन. बाबा त्या धोतर-कोटातल्या माणसाकडे बघून म्हणाले, ‘हा आपल्यातलाच दिसतोय.’ तेव्हा जागांना नंबर नव्हते, जो आधी चढेल त्याची खिडकी. दार उघडताच बाबा माझ्या पुढे सटासट जिना चढले. मी आत पोचले तर खिडकीच्या जागेवर त्यांचा चौकटीचा रुमाल टाकलेला, आणि शेजारी बाबा उभे. ‘बस,’ म्हणाले, ‘तुझ्यासाठी धरली.’ मी त्यांना खिडकीत बसवलं. मागे चार माणसं खोळंबली होती, पण कुणी काही बोललं नाही.

प्रश्न : आम्ही चौघं नागपूरहून बंगळूरला जाणार. एकट्याचं भाडं बघितलं तर ३,२०० दाखवतात, चौघांचं टाकलं की माणशी ४,१००. विमान तेच, वेळ तीच. ही फसवणूक आहे का? (नागपूर)

फसवणूक नाही, पण माहीत नसलं तर पैसे जातात.

विमानातल्या खुर्च्या सारख्या असल्या तरी संगणकात त्या वेगवेगळ्या भाड्यांच्या गटांत वाटलेल्या असतात. आम्ही काउंटरवर त्याला ‘क्लास’ म्हणायचो. ‘अमुक क्लास बंद झाला’ म्हणजे त्या भाड्याच्या जागा संपल्या. समजा ३,२०० च्या दोनच जागा उरल्या आहेत. तुम्ही चार मागता तेव्हा संगणक चौघं एकत्र मावतील असा गट शोधतो, तो ४,१०० चा, आणि चौघांनाही तोच लावतो. झाले १६,४००. त्याऐवजी आधी दोन तिकिटं ३,२०० ने काढा, मग दोन ४,१०० ने. १४,६०० होतात. तुमचे अठराशे वाचले.

म्हणून नेहमी आधी एकाचं भाडं बघायचं, मग दोघांचं, तिघांचं. आकडा कुठे उडी मारतो ते कळलं की किती जागा उरल्यात ते कळतं. माझ्या एकोणतीस वर्षांत लोकांचे सर्वांत जास्त पैसे मी याच एका सवयीने वाचवले.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. तिकिटं दोन वेळा काढली की पीएनआर दोन होतात. विमान रद्द झालं, वेळ बदलली, तर दोन जोड्यांची सोय वेगवेगळी लागू शकते. मुलं लहान असतील तर प्रत्येक पीएनआरमध्ये एक मोठं माणूस ठेवा. आणि पहिली जोडी काढून ‘रात्री यांना विचारते’ म्हणून थांबू नका. चौघांचं नक्की ठरल्याशिवाय सुरुवातच करू नका.

प्रश्न : मंगळवारी मध्यरात्री तिकीट स्वस्त मिळतं म्हणतात. आणि सारखं शोधलं की आपल्याला बघून भाडं वाढवतात, हे खरं का? (अकोला)

माझ्या वहीत मंगळवारचं काही खास निघालं नाही. तिकीट कोणत्या वारी काढलं याने फारसा फरक पडत नाही, प्रवास कोणत्या वारी करता याने पडतो. शुक्रवार संध्याकाळ आणि रविवार सोडून बुधवारी दुपारी निघा, पाहा. सारखं शोधल्यावर भाडं वाढलेलं दिसतं ते बहुतेक वेळा मधल्या वेळात कुणीतरी स्वस्त गटातली शेवटची जागा घेतल्यामुळे.

आणखी एक निरीक्षण सांगते, हे केवळ माझ्या वहीवरून. पितृपंधरवडा, जानेवारीचा दुसरा अर्धा आणि शाळा सुरू झाल्यानंतरचा जुलै, या तीन काळांत माझी सर्वांत जास्त पानं भरली आहेत. पितृपंधरवड्यात आपल्याकडचे लोक सहलीला निघत नाहीत. ज्यांना ते बंधन वाटत नाही, त्यांनी तेव्हा आईवडिलांना काशीला न्यावं.

प्रश्न : सरकारच्या ‘उडान’ योजनेत तासाभराच्या प्रवासाला अडीच हजार असं ऐकलं होतं. मला त्याच मार्गावर चार हजारांवर मोजावे लागले. (नांदेड)

नांदेड-हैदराबाद या तुमच्या विमानाला २७ एप्रिल २०१७ ला, शिमला-दिल्लीच्या बरोबरीने, हिरवा झेंडा मिळाला होता. २,५०० ची मर्यादा त्या योजनेत साधारण निम्म्याच जागांना होती, त्या जागांची तूट सरकार भरून द्यायचं. बाकीच्या जागा बाजारभावाने. तुम्हाला दुसऱ्या अर्ध्यातली मिळाली. शिवाय ही मदत एका मार्गाला तीन वर्षांपुरती असते.

प्रश्न : मुलीचं दिल्लीचं तिकीट १,९०० ला मिळालं होतं. परीक्षेची तारीख बदलल्याने रद्द केलं. ज्यांच्याकडून काढलं ते म्हणतात, सवलतीचं तिकीट, एक पैसा परत नाही. (डोंबिवली)

हे ऐकून सोडून देऊ नका. ऑगस्ट २०१६ पासून नियम असा आहे की रद्द करण्याचा आकार मूळ भाडं आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त लावता येत नाही. सरकारी कर आणि विमानतळाची शुल्कं परत करावीच लागतात. तिकीट सवलतीचं असो, ‘परतावा नाही’ असं छापलेलं असो, की प्रवासी आलाच नसो. परताव्याच्या प्रक्रियेसाठी वेगळे पैसेही विमान कंपनी कापू शकत नाही.

स्वस्त तिकिटात तर हा वाटा फार मोठा असतो. १,९०० मधले कधीकधी सात-आठशे रुपये कर आणि शुल्काचेच असतात. तिकिटावरचा भाड्याचा तपशील काढा, सरकारी कर आणि विमानतळाच्या शुल्कांच्या ओळींची बेरीज करा आणि तेवढी रक्कम लेखी मागा. काउंटरवर बसणाऱ्या माझ्यासारख्यांनी हे गिऱ्हाइकाला स्वतःहून सांगायला हवं. कित्येक जण सांगत नाहीत, आणि हजारो घरांचे असे पाच-सातशे रुपये बुडतात, याचा मला आजही संताप येतो.

प्रश्न : मुलाला परदेशी विमानाच्या बिझनेस क्लासचं भाडं साध्या तिकिटापेक्षाही कमी दिसलं. चुकून लागलेलं असेल तर घ्यावं का? (नाशिक)

अशी चूक होते. कुणी एक शून्य कमी टाकतं, कुणी चलनाचा दर चुकीचा भरतं. १ जानेवारी २०१९ च्या सुमाराला कॅथे पॅसिफिकने व्हिएतनाममधल्या दा नांगहून न्यूयॉर्कचं बिझनेस क्लासचं जाण्या-येण्याचं तिकीट सुमारे ६७५ डॉलरना विकलं. चूक कळल्यावर कंपनीने सगळी तिकिटं मान्य केली. याउलट फेब्रुवारी २०१५ मध्ये युनायटेड एअरलाइन्सची लंडनहून निघणारी पहिल्या वर्गाची तिकिटं डॅनिश क्रोनरच्या गोंधळामुळे कवडीमोलाने गेली, ती कंपनीने रद्द केली आणि अमेरिकी सरकारने कंपनीलाच पाठिंबा दिला. दोन्ही घडू शकतं.

घ्यायचं असेल तर घ्या, पण तेरा आकडी तिकीट क्रमांक हाती येईपर्यंत ते तिकीट झालं असं समजू नका. नुसता पीएनआर पुरत नाही. पुढे निदान दोन आठवडे हॉटेल आणि व्हिसाचे पैसे भरू नका. आणि लग्नकार्याला किंवा आजारपणाला जायचं असेल तर असल्या भाड्यावर अवलंबून राहूच नका.

प्रश्न : नवऱ्याला आठवतं आम्ही २००७ ला मुंबई-मस्कत साडेतीन हजारात गेलो, मला आठवतं सहा हजार. आता कसं शोधायचं? आणि तुमच्या वहीत नेमकं काय लिहिता? (मस्कत)

२००७ चं आता बहुधा सापडणार नाही. तुम्ही दोघंही खरे असू शकता. यजमान मूळ भाडं धरून बसलेत, तुम्ही हातातून गेलेले पैसे.

मी त्याच दिवशी लिहिते, घरी पोचल्यावर नाही, तिकीट काढल्याबरोबर. तारीख, कुठून कुठे, मूळ भाडं, कर, एकूण. प्रवास झाला की खाली दुसरी ओळ. विमानतळापर्यंतची टॅक्सी, सामानाचे जादा पैसे, वर काय खाल्लं, किती उशीर. या दुसऱ्या ओळीने माझे डोळे उघडले. एकदा मी पुणे-दिल्ली ८९९ ला मिळालं म्हणून कचेरीभर पेढे वाटायची बाकी ठेवली होती. विमान सात तास उशिरा सुटलं, दिल्लीत रात्री दोनला उतरून मिळेल ती खोली घ्यावी लागली, ती अडीच हजारांची. वहीत ते भाडं आता ३,३९९ असं लिहिलेलं आहे, आणि तसंच ते माझ्या लक्षात आहे.

तिसऱ्या ओळीत कोण गेलं आणि कशासाठी. ‘वन्सं, बाळंतपणाला.’ ‘शेजारचा मुलगा, पहिली नोकरी.’ आकडे विसरले तरी या ओळीवरून मला तो दिवस सापडतो.

बोर्डिंग पास मात्र नुसते चिकटवून ठेवू नका, त्यांची छपाई उडते. झेरॉक्स काढा, किंवा मागे पेनाने लिहा. बाबांच्या बंगळूरच्या पासाची पुढची बाजू आता जवळजवळ कोरी झाली आहे. मागे त्यांनी स्वतः शिसपेन्सिलीने लिहिलेलं अजून वाचता येतं : ‘खिडकी मिळाली. सीट फुल. वेळेवर सुटली.’