दिंडोरीत काळ्या जमिनीवर हास ॲव्होकॅडोची कलमं लावली तर जमतील का? जात कोणती घ्यावी?

द्राक्ष काढून मोकळ्या झालेल्या काळ्या रानात हास लावायचा, असं तुम्ही विचारलंय. जातीआधी खुंट (कलमाचा खालचा, मुळांचा भाग) आणि निचरा बघा. क्षाराच्या रानात द्राक्षाला डॉगरिज खुंट कशासाठी लावतात हे दिंडोरीत कुणाला सांगायला नको, आणि ॲव्होकॅडो तर क्षार, चुनखडी, साचलेलं पाणी या तिन्ही बाबतीत द्राक्षापेक्षा नाजूक. मातीपरीक्षणात नुसता सामू नको, मुक्त चुनाही काढून घ्या. चुनखडीच्या रानात नवी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. पाण्यात क्लोराइड जास्त असेल तर पानांची टोकं करपतात.

म्हणून रोपवाटिकेत पहिला प्रश्न: खुंट कोणता? "हासचं कलम आहे" हे त्याचं उत्तर नव्हे, हास ही वरची काडी. वेस्ट इंडियन वंशाचा खुंट क्षार आणि चुना बऱ्यापैकी सोसतो, मेक्सिकन खुंट थंडी सोसतो पण क्षारात मागे पडतो. मूळकूज सोसणारा खुंट हवा असेल तर डुसा विचारा, महाग पडेल. पिशवी फाडून एक तरी रोप बघा: मुळांची टोकं पांढरी हवीत, तळाशी गुंडाळी नको, जोड पक्का भरलेला असावा, कलमपट्टी सालीत रुतलेली नसावी.

आता जात. हासला सौम्य हवा लागते. मार्च-एप्रिलच्या कोरड्या झळांत त्याची वाटाण्याएवढी फळं ढीगभर गळतात, त्यामुळे सगळी बाग एकट्या हासवर लावायला मी सांगणार नाही. लॅम्ब हास आणि रीड उन्हात तुलनेनं बरे. अर्का सुप्रीम ही जात कर्नाटकात कोडगूतल्या चेट्टळ्ळी संशोधन केंद्राची निवड. तिथली हवा वेगळी, तेव्हा आधी चार-पाच झाडं लावून बघा. हास, लॅम्ब हास, रीड हे तिन्ही ए गटातले: फूल पहिल्या दिवशी सकाळी मादी असतं, दुसऱ्या दिवशी दुपारी नर. बी गटात पहिल्या दिवशी दुपारी मादी, दुसऱ्या दिवशी सकाळी नर. म्हणून परागीकरणासाठी आठ-दहा झाडांमागे बी गटातलं एक फुएर्टे किंवा एटिंगर लावा, आणि फुलोऱ्यात फवारणी टाळून मधमाश्या सांभाळा.

काळ्या मातीत खड्डा खणून लावाल तर पावसाळ्यात तो हौद होतो. मुरूम, पोयटा आणि कुजलेलं शेणखत मिसळून दोन फूट उंच, चार-पाच फूट रुंद बेड करा आणि रोप त्यावर लावा. जोड मातीच्या वर राहू द्या. अन्न घेणारी मुळं वरच्या फूटभरातच असतात, म्हणून बेडवर कुदळ चालवू नका. उसाचं पाचट सहा इंच जाड अंथरा, खोडापासून वीतभर दूर.

सगळ्यात जास्त झाडं इथे जातात: ओल्या मातीतही पानं मलूल होतात, माणूस तहान समजून ठिबक वाढवतो. प्रत्यक्षात मूळकूज करणारा फायटोफ्थोरा हा बुरशीसारखा रोगजंतू मुळं खात असतो. बोटानं माती उकरा. बारीक मुळं काळी आणि ठिसूळ निघाली तर पाणी तोडा, चर काढून निचरा सुधारा आणि फोसेटिल एएल हे बुरशीनाशक लेबलावरच्या प्रमाणात वापरा. सुरुवातीच्या अवस्थेतच झाड वाचतं.

पहिले दोन उन्हाळे शेडनेट लावा, उघड्या खोडाला चुना मारा. जोडाखालचे फुटवे दिसले की काढा, नाहीतर खुंटच वाढत बसतो. फळ तिसऱ्या-चौथ्या वर्षी धरतं आणि झाडावर पिकत नाही. दोन फळं तोडून घरात ठेवा: आठ-दहा दिवसांत न सुरकुतता मऊ पडली तरच बाकीची काढा.