हद्दीबाहेरची चोरी आणि आपले पोलीस ठाणे

प्रश्न : आम्ही तालुक्याच्या गावी राहतो. एसटीच्या प्रवासात माझ्या सत्तरीच्या आईच्या पिशवीतून दागिने चोरीस गेले. गावी परतल्यावर ठाण्यात गेलो असता, ‘चोरी दुसऱ्या जिल्ह्यात झाली, तिकडे जा’ असे सांगण्यात आले. हे योग्य आहे का?

उत्तर : मुळीच नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार, दखलपात्र गुन्हा (ज्याचा तपास पोलीस न्यायालयाच्या आदेशाशिवाय करू शकतात असा) कोणत्याही हद्दीत घडलेला असो, त्याची खबर जवळच्या ठाण्याने शून्य क्रमांकाने (म्हणजे आपल्या ठाण्याचा नेहमीचा अनुक्रमांक न देता) नोंदवून संबंधित ठाण्याकडे वर्ग करावयाची असते, आणि नोंदीची प्रत फिर्यादीस विनामूल्य द्यावयाची असते. खबर इलेक्ट्रॉनिक माध्यमातूनही देता येते. मात्र तीन दिवसांत तीवर सही करावी लागते. नकार कायम राहिल्यास जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी कळवावे, आणि तेथेही दाद न मिळाल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

आपल्या आईंना जबाबासाठी ठाण्यात बोलावले जाण्याची काळजी नको, कारण स्त्रियांना आणि साठ वर्षांवरील पुरुषांना साक्षीदार म्हणून राहत्या घराबाहेर येण्यास भाग पाडता येत नाही.

छोट्या ठाण्यात तोच अंमलदार सकाळी समन्स बजावतो, दुपारी आठवडे बाजाराच्या बंदोबस्तावर उभा असतो आणि सायंकाळी पारपत्राच्या पडताळणीसाठी घरोघरी फिरतो, हे खरे. पण त्या दमणुकीने नोंद नाकारण्याचा अधिकार मिळत नाही. अर्जात दागिन्यांचे वर्णन, अंदाजे वजन, बसचा मार्ग व वेळ लिहावी, आणि तिकीट जपून ठेवावे.