सिस्मिक सर्व्हे केला, तर बोअरहोल न मारता कोळसा खाणीच्या छताचा खडक पक्का की कच्चा हे कळतं का?

नाही, एकट्या सिस्मिकवर (जमिनीत धक्का देऊन तिच्या लहरी मोजण्यावर) कळत नाही. वणीजवळच्या शेतात वायर अंथरून घण मारणारी टीम पाहिली आणि हा प्रश्न पडला, असं तुम्ही लिहिलंय. मी याच भागात भूभौतिकी सर्वेक्षणाचं काम करतो, म्हणून वर्धा खोऱ्यातल्याच खडकांवरून सांगतो.

तुम्ही पाहिलं ते बहुधा रिफ्रॅक्शन, म्हणजे खालच्या थरातून वळून आलेली लहर मोजणं. लोखंडी प्लेटवर घण बसला की ओळीनं रोवलेल्या जिओफोनांपर्यंत (जमिनीचा कंप टिपणाऱ्या उपकरणांपर्यंत) पहिला धक्का किती मिलिसेकंदांत पोचला, ते मोजतात. जवळच्या जिओफोनला तो काळ्या मातीतून सेकंदाला जेमतेम तीन-चारशे मीटर वेगानं येतो, लांबच्याला मात्र खालच्या कडक थरातून वळसा घेऊनही लवकर गाठतो. आलेखातली रेघ जिथं मोडते, तिथून त्या थराची खोली आणि वेग निघतो. उन्हाळ्यात ही माती भेगाळते, जिओफोनचा खिळा सैल बसतो आणि पहिला धक्का नेमका कुठला तेच ओळखू येत नाही. अशा वेळी भेगाळलेली माती उकरून खाली ओलीत खिळा रोवावा लागतो.

ओपनकास्टमध्ये (उघड्या खाणीत) ओबी, म्हणजे कोळशावरचा माती-दगड, डोझरनं रिप होईल (उकरून निघेल) की ब्लास्टिंग लागेल, याचा पहिला अंदाज याच वेगावरून बांधतात. पण इथं दोन ठिकाणी फसायला होतं. कामठी वालुकाश्मात पाणी भरपूर असतं. नुसत्या पाण्यातच पी-लहर (दाबाची, सगळ्यात आधी पोचणारी) सेकंदाला सुमारे १५०० मीटर धावते, त्यामुळं बोटांनी चुरडता येणारा दगडही भिजलेला असला की बरा वेग दाखवतो. एस-लहर (आडवी हलवणारी) पाण्यातून जात नाही, म्हणून ती सोबत मोजलेली असावी असा माझा आग्रह असतो. दुसरी अडचण खोऱ्याच्या पश्चिमेला, जिथं वर बेसाल्ट आहे. अखंड बेसाल्टचा वेग ५००० मीटरच्या आसपास, खालच्या वालुकाश्माचा त्याहून पुष्कळ कमी. अशा वेळी लहर खालीच वाकते, वर परतत नाही, आणि रिफ्रॅक्शनला बेसाल्टच्या खालचं काही दिसत नाही.

अंडरग्राउंड खाणीसाठी रिफ्लेक्शन लागतं, म्हणजे खालच्या थरावर आपटून परत येणारी लहर मोजणं. कोळसा आजूबाजूच्या खडकापेक्षा हलका आणि मऊ, म्हणून त्याच्यावरून लहर जोरात परावर्तित होते. सीमची (कोळशाच्या थराची) रेघ सलग चालता चालता तुटून खाली सरकलेली दिसली, की तिथं फॉल्ट. सिस्मिकचं खरं मोल इथं आहे. तरी हिशेब करून पाहा: वेग २४०० मीटर आणि वारंवारता १०० हर्ट्झ धरली, तर तरंगलांबी २४ मीटर, तिचा चौथा हिस्सा ६ मीटर, आणि त्याहून लहान गोष्ट स्पष्ट दिसत नाही. तीन मीटरच्या सीममधलं लाँगवॉल (लांब भिंतीसारखा कोळसा सलग कापत जाणं) तीन मीटर थ्रोचा, म्हणजे तेवढा सरकलेला फॉल्टही अडवतो, आणि नेमका तोच धूसर दिसतो.

आता छत. आपल्याकडे सीएमआरआय-आयएसएम या खाणविषयक संस्थांचा आरएमआर, म्हणजे छताच्या खडकाला गुण देण्याची पद्धत वापरतात. त्यात १०० पैकी ३० गुण थरांच्या जाडीला, २५ सांधे-भेगांसारख्या रचनांना, २० हवा-पाण्यानं झिजण्याला, १५ ताकदीला आणि १० भूजलाला. सेंटिमीटरमध्ये मोजायची थरांची जाडी आणि शेल (पातळ थरांचा मातीसारखा दगड) ओला झाल्यावर किती भुसभुशीत होतो, हे वरून पाठवलेल्या लहरीला सांगता येत नाही. म्हणजे निम्मे गुण तिथंच कोअरकडे (बोअरमधून काढलेल्या दगडाच्या नमुन्याकडे) गेले.

शिवाय वेग जास्त म्हणजे छत चांगलं, असंही नाही. छत्तीसगडमधल्या चरचा खाणीत लाँगवॉलच्या वर डोलेराइटची (बेसाल्टसारख्या कठीण दगडाची) जाड, भक्कम पाटी होती. ती लवकर तुटली नाही, मागं लोंबकळत राहिली, आणि १९९० मध्ये सगळा भार सपोर्टांवर आला.

त्यामुळं आधी सिस्मिकच्या लाइन घ्या, रेघ तुटते किंवा वेग घसरतो तिथं बोअर मारा, त्यात सॉनिक लॉग (बोअरमध्ये सोडून खडकातला लहरीचा वेग मोजणारं यंत्र) चालवा आणि तो कोअरच्या प्रयोगशाळेतल्या ताकदीशी जुळवा. असं जुळवलेलं नसेल, तर नुसत्या वेगाच्या रंगीत नकाशावरून रूफ बोल्टचं (छत धरून ठेवणाऱ्या लोखंडी सळयांचं) अंतर ठरवू नका.